वाळवंटात ओळख काढताना

मला वळणाची भीती वाटते. लहानपणापासून. एस.टी. घाटात वळायला लागली की मी पुढच्या सीटची दांडी धरायची आणि डोळे मिटायची, कारण वळणाच्या पलीकडून काय येतंय ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते माझ्याच अंगावर येणार असं मला कायम वाटतं. आमचे हे म्हणतात, मग तुझं कसं व्हायचं, रत्नागिरीत अंगणातून पाय बाहेर टाकला की वळण. खरंच आहे ते. आमच्याकडं सरळ रस्ता म्हणजे दोन वळणांच्या मधला तुकडा. लेकसुद्धा माझ्यावरच गेलीय. पहिलीत आहे, पण गाडीत बसली की हातखंब्याला पोचेपर्यंत तिची उलटीची एक पिशवी भरते.

तर झालं काय, भातं कापून झाली होती, दुपारची भांडी घासून मी जरा टेकले होते आणि फोन बघत होते. त्यात एक रस्ता आला. राजस्थानचा, जैसलमेरकडचा. कुणीतरी गाडीत बसून काढलेला. रस्ता सरळ, म्हणजे किती सरळ, पार आभाळाला टेकेपर्यंत सरळ, दोन्ही बाजूला वाळू, झाड नाही, दरड नाही, काही नाही. समोरून एक ट्रक येत होता तो केव्हापासून दिसत होता. आधी मुंगीएवढा, मग डब्याएवढा, मग खोलीएवढा, आणि शेजारून निघून गेला. मी ते परत लावलं. परत लावलं. मग माझ्या लक्षात आलं की माझी छाती धडधडत नाहीये. रस्ता बघतेय आणि धडधडत नाहीये! तिथं जे काही यायचं ते लांबून दिसतं. मला वाटलं, आपण इथं जायचं. लेकीला इथं न्यायचं. एकदा तरी असं गाडीत बसायचं की डोळे उघडे.

ह्यांनी यंदाच जुनी सात सीटर घेतलीय. मिरजोळ्याला एमआयडीसीत मशीनवर असतात, रविवारी गाडी पुसतात. नाताळच्या सुट्टीत कुठंतरी जाऊ असं त्यांचंच चाललं होतं. मी म्हटलं, राजस्थान.

"राजस्थान? तू?" हे इतके हसले की चहा नाकात गेला. "लांज्याला जाताना रडतेस तू!"

"लांज्याला वळणं आहेत. तिथं नाहीत."

"नि तिथपर्यंत काय उडत जायचं?"

"तिथपर्यंत मी डोळे मिटीन."

मग त्यांनी तो रस्ता बघितला. गाडी नवीन घेतलेल्या माणसाला तसा रस्ता दाखवू नये. त्यांनीपण परत लावला. म्हणाले, "बघ बाय, आख काय ती ट्रिप. तू आखलीस तर जाऊ." त्यांना वाटलं असणार, ही आठवी शिकलेली, दोन दिवसांत गप्प बसेल.

मी नाही बसले. आठवीनंतर शाळा लांब होती म्हणून मला काढली, पण वाचता येतं मला, आणि फोनवरचा नकाशा बोटानंच चालतो. रत्नागिरीवर बोट ठेवायचं, जैसलमेरवर ठेवायचं, मधे निळी रेघ उमटते. मी ती रेघ रोज थोडी थोडी पुढं सरकवायची. भाकऱ्या थापताना गावांची नावं म्हणायची, मुंबई, वापी, सुरत, बडोदा, अहमदाबाद, पालनपूर. लेक माझ्यामागून म्हणायची. तिनं विचारलं, "आई, वाळवंट म्हणजे नुसती वाळूच?"

"हो."

"मग समुद्र कुठं गेला?"

मी हातावरची भाकरी तव्यावर टाकली. म्हटलं, तिथं जाऊन विचारू.

पण आमच्याकडं फिरायला म्हणून कोणी जातच नाही हो. आमच्याकडं लोक माणसांकडं जातात. लग्नाला जातात, मयताला जातात, मुंबईला भावाकडं जातात. निघायच्या आधी पहिला प्रश्न, कुणाकडं उतरणार? मग त्याच्याकडं न्यायला तांदूळ, सोडे, कोकमाच्या आगळाची बाटली, असं सगळं बांधायचं. दुकानात मी मोठ्या दोन पाण्याच्या कॅनची किंमत विचारली, आणि राजस्थानला जायचंय असं बोलून गेले, तर दुकानदारीण काउंटरवरून वाकून हळू आवाजात म्हणाली, "अगो बाय! कोण वारलं?"

घरी सगळं ठरतं ते सासूबाईंच्या शब्दावर. त्यांना मी आई म्हणते. ह्यांचे वडील लवकर गेले, आईंनी दुसऱ्याच्या बागेत आंबे उतरवून मुलं वाढवली, त्यामुळं त्यांचा शब्द ह्यांनी कधी खाली पडू दिला नाही. मी सांगितल्यावर त्या आधी म्हणाल्या, "वाळूच बघायची ना? मग भाट्याला समुद्रावर जा, बस वाळूत संध्याकाळपर्यंत." मग मी रस्ता दाखवला. त्यांनी फोन लांब धरून बघितला आणि विचारलं, "तिथं आपलं कोण?"

"कोणी नाही. लॉज असतात."

"मग नाय."

"अहो आई, पण..."

"मुंबईला थोरला हाय, त्याच्याकडं उतराल. सुरतेला तुझी मामेबहीण हाय. तिच्या पुढं कोण? जिथं आपलं माणूस नाय तिथं माझ्या नातीला घेऊन जायचं नाय. सुरत बघा नि या परत."

हे माझ्याकडं बघून खांदे उडवून गाडी पुसायला गेले. म्हणजे झालं. सुरतेच्या पुढं माणूस मिळालं तर ट्रिप, नाहीतर सुरत.

मी रात्रंदिवस तोच विचार करायला लागले. सुरतेच्या पुढं माणूस कुठून आणू? आणि मला माणसांशी बोलायचीसुद्धा भीती, बँकेत खिडकीसमोर उभी राहिले की मला दम लागतो, शब्द मागंपुढं होतात. पण एकदा असं डोक्यात आलं की आपण त्यांच्याकडं जायचं म्हणून माणूस शोधतोय, पण तिकडची माणसं तर इथं आलेलीच आहेत. आमच्या शेजारी मुंबईवाल्यांचं नवीन घर बांधायचं चाललं होतं, तिथं फरशी बसवायला जो कारागीर होता तो राजस्थानचाच, असं वाडीत सगळे म्हणायचे. चांगला पोक्त माणूस, कित्येक वर्षं रत्नागिरीतच फरश्या बसवतोय.

पहिल्या दिवशी मी लेकीला बरोबर घेऊन चहा द्यायला गेले, कप ठेवला आणि पळून आले. दुसऱ्या दिवशी मात्र थांबले. तो दोरी ताणून फरशीची ओळ बघत होता. मी एका दमात म्हटलं, "दादा तुमचं गाव कुठलं जैसलमेर किती लांब तिथं रस्ता सरळ असतो का?"

तो हसला. "बस की ताई. दम घे गो जरा."

आमच्यासारखंच बोलत होता, फक्त मधेच एखादा शब्द तिकडचा. त्याचं गाव जोधपूर आणि जैसलमेरच्या मधेच निघालं! मी जवळजवळ उडीच मारली. तो हात झटकून उभाच राहिला. म्हणाला, "तुम्ही या ना, आमच्या घरीच उतरा. आई हाय, बायको हाय, बकऱ्या हायत, ह्या बाळाला बकरीची पिल्लं दाखवू. लॉज कशाला? घर असताना लॉजवर गेलात तर माझी आई मला मारेल."

मी घरी आले ती पळतच. आई सूप घेऊन भात पाखडत बसल्या होत्या. सांगितलं सगळं, बकऱ्यांसकट. त्यांनी सूप थांबवलं नाही. नुसतं विचारलं, "आपण कोण ते सांगितलंस त्याला?"

मी खाली सांडलेले दाणे वेचायला लागले.

आम्ही बौद्ध. वाडीत विहार आहे, पौर्णिमेला सगळे पांढरे कपडे घालून जातो, इथं कुणी काही विचारत नाही, सगळ्यांना माहीत असतं. पण रत्नागिरीच्या बाहेर लोक आडनाव विचारतात आणि आडनाव ऐकून जरा थांबतात. ते थांबणं मला माहीत आहे. मला वळणासारखंच वाटतं ते.

"नाय ना सांगितलंस?" आई म्हणाल्या. "मग ते आमंत्रण आपल्याला नाय. तो समजतोय त्या माणसांना हाय."

मी त्या दिवशी धड जेवले नाही. हे म्हणाले, "जाऊ दे ना गो. सुरतपण बरी हाय." पण मला ते बोलणं टोचत होतं. मला जायचं होतं, आणि जायचं ते मी जी आहे तीच म्हणून.

दुसऱ्या दिवशी परत गेले. ह्या वेळी चहापण नेला नाही, नाहीतर मी चहा ठेवून पळाले असते. लेकीचा हात घट्ट धरला होता, म्हणजे तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. म्हटलं, "दादा, एक सांगायचं राहिलं. आम्ही बौद्ध आहोत. पूर्वीचं काय ते तुम्हाला समजलं असेल. तुमच्या घरी चालेल का ते विचारा आणि मग बोलवा." एवढं बोलून मला असा दम लागला जसं काही मी भगवती किल्ला चढून आलेय.

तो थांबला. तेच ते थांबणं. पण त्यानं नजर नाही फिरवली, हे मी सांगितलं पाहिजे. पाण्याच्या बादलीत हात धुतले, शर्टाला पुसले आणि म्हणाला, "माझं काय नाय, ताई. इथं कोण कुठल्या जातीचा ते मी कधी बघितलं नाय, सगळ्यांच्या घरात मी फरशी घातलीय. पण घर आईचं हाय. तिला विचारतो."

माझ्यासमोरच त्यानं फोन लावला. पलीकडून एका म्हातारीचा मोठ्ठा आवाज यायला लागला, फोन कानाला असून मला ऐकू येत होता, कळत काहीच नव्हतं. तो कोपऱ्यात गेला. बराच वेळ बोलला. मी फरशीच्या ओळी बघत उभी. लेक म्हणत होती, आजी ओरडतेय का? मी म्हटलं, नाही, ती लांब आहे म्हणून.

तो परत आला तेव्हा हसत होता, पण अर्धंच. "आई बोलली या. नक्की या. फक्त काय हाय, शेजारी काका राहतो, वडलांच्या जागी हाय, तो विचारणार. तर त्याला तेवढं दुसरं काहीतरी सांगायचं. कायपण सांगा. कोण येतंय बघायला? एका रात्रीचा तर प्रश्न."

खरं सांगते, क्षणभर मला बरंच वाटलं. ट्रिप झाली! सुरतेच्या पुढं माणूस मिळालं. एका रात्रीचा तर प्रश्न. एवढ्यात लेकीनं माझा हात ओढला. "आई, काय सांगायचं?"

तिला शाळेत बाईंनी उभं केलं की ती नाव सांगते ना, स्वतःचं, बाबांचं, आडनाव, सगळं एकदम, छाती पुढं काढून, वर्गाच्या बाहेर ऐकू जाईल असं. मी खिडकीतून ऐकलंय. तीच माझ्याकडं बघत होती, शिकवलेलं पाठ करायच्या तयारीत. मी शिकवलं असतं ते तिनं पाठ केलं असतं.

मी म्हटलं, "दादा, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. त्यांनी या म्हटलं, ते मी विसरणार नाही. पण असं लपवून नाही येणार आम्ही. हिला मी काय सांगू? पालनपूरपर्यंत तुझं नाव खरं आणि तिथून पुढं दुसरं?"

"रागावलात, ताई?"

"नाही. राग नाही." आणि खरंच राग नव्हता. दाराची चौकट धरून उतरले मी. पण बोलताना शब्द मागंपुढं झाले नाहीत. एकपण नाही. हे मला घराच्या पायरीवर आल्यावर समजलं.

आई मागच्या पडवीत पाखडत होत्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "काय झालं?" मी सगळं सांगितलं. म्हटलं, गेली आपली ट्रिप, सुरतच बघू. आणि रडायलाच लागले, एवढी धीट बोलून आले आणि घरी येऊन रडले.

आईंनी सूप खाली ठेवलं. मला शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, "मी नवीन नवरी होते तेव्हा आमचं वऱ्हाड ट्रकातून घाटावर गेलं होतं. उन्हाळा. वाटेत एका घरी पाणी मागायचं होतं. वऱ्हाडात माझ्यापेक्षा मोठी एक बाई होती ती बोलली, विचारलं तर दुसरं सांग गो, पोरं तहानलीत. मी सांगितलं. मस्त थंड पाणी होतं. पोरं प्यायली, मी पण प्यायले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं, जसं काही आत्ताच प्यायल्या. "ते अजून खाली उतरलं नाय. तेव्हापासून मी बोलले, आपल्या माणसाकडंच जायचं. विचारायचा प्रश्नच नको."

मला हे माहीत नव्हतं. ह्यांनाही माहीत नव्हतं. मला वाटायचं आई हट्टी आहेत.

"तू तोंडावर सांगितलंस त्याला?"

"हो."

"कापत होतीस?"

"हो, आई. अजून कापतेय."

"कापू दे. सांगितलंस ना?" आणि त्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारली, अशी जोरात, शेजारणीला हाक मारताना दारावर मारतात तशी. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

संध्याकाळी हे कामावरून आले, चपला काढतायत तोवर आई म्हणाल्या, "गाडी सर्विसिंगला कधी टाकतोस?"

"कशाला? सुरतेला तर जायचंय."

"सुरतेला कोण चाललंय? राजस्थान बोलली ना ती?"

"अगं आये, तूच बोललीस, तिथं आपलं कोण नाय!"

"ते तेव्हा. आज वेगळं बोलते. लॉजवर राहायचं. पैसे टाकायचे, नाव सांगायचं, झोपायचं. कुणाचं नाव खोटं पडायला नको. तुझ्या बायकोच्या तोंडात जोर हाय, तू नुसती गाडी चालव." मग जरा थांबून, "नि पुढची सीट माझी."

हे माझ्याकडं बघत राहिले. "तू काय केलंस हिला?"

"मी काही नाही केलं," मी म्हटलं. खरं तर मला ओरडून सांगायचं होतं.

दोन दिवसांनी तो फरशीवाला दादा आमच्या अंगणाच्या दगडी गडग्याशी येऊन उभा राहिला. आत येईना. म्हणाला, आईचा परत फोन आला होता, ती रात्रभर बडबडत होती म्हणे, की तुम्ही खरं तेच सांगून दिवसाउजेडी चहाला तरी या, काकाचं मी बघते, चूल माझी हाय. आमच्या आई अंगणात आल्या. म्हणाल्या, "चहाला येऊ म्हणावं. उतरायला नाय, चहाला. तिच्यासाठी आगळ आणते. नि तू बाहेर काय उभा? शेजारी एवढे दिवस काम करतोस, आमच्याकडं जेवलास कधी? चल, बांगडा तळलाय."

"आई, मी मच्छी नाय खात."

आईंनी कपाळाला हात लावला. "एवढी वर्षं रत्नागिरीत नि मच्छी नाय खाल्लीस? अरे मग जगलास कसा तू?" बाकी कुठल्याच गोष्टीचा त्यांना एवढा धक्का बसला नव्हता. मग मी पटकन कुळथाचं पिठलं टाकलं, तो भाताबरोबर दोनदा मागून जेवला, आणि जेवता जेवता त्यानं सांगितलं की डिसेंबरात तिकडं पहाटे थंडी इतकी असते की आमच्या गोधड्या कमी पडतील. वाळवंटात थंडी! मी आपली सुती कपडे काढून ठेवत होते. आता स्वेटर घ्यायचेत, लेकीला टोपी घ्यायचीय, आणि आईंना पायमोजे, ते त्यांनी आयुष्यात घातलेले नाहीत.

लॉज मी बुक केला. मीच. हे म्हणाले मी करतो, पण आई म्हणाल्या, तिला करू दे. पालनपूरचा ह्यांच्या कंपनीतल्या ड्रायव्हरनं सुचवला होता, जैसलमेरचा मी फोनवर शोधला. सगळे भोवती बसले होते आणि मी फोन स्पीकरवर ठेवला. छाती धडधडत होतीच, ती काही गेलेली नाही, मला नाही वाटत ती कधी जाईल. पलीकडच्या माणसानं हिंदीत विचारलं, नाव काय? मी सांगितलं, माझं, ह्यांचं, आडनाव, सगळं, सावकाश. तो लिहून घेत असणार, थोडा वेळ काही आवाज आला नाही. मी श्वास धरून बसले. लेकपण माझं बघून श्वास धरून बसली.

मग तो म्हणाला, "कितने लोग?"

"तीन," मी म्हटलं. सवयीनं. पहिल्यापासून आमचा हिशोब तिघांचाच होता.

"चार गो, चार!" आई मागून इतक्या मोठ्यानं ओरडल्या की जैसलमेरचा माणूस फोनवर हसायला लागला. "मी काय भाट्याला बसू वाळूत?"